जुने कॉम्प्युटर वजनावर विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"जुने कॉम्प्युटर, प्रिंटर, यूपीएस, एकत्र लॉट, जसे आहे जेथे आहे तत्त्वावर" अशा भंगार लिलावाच्या जाहिराती पुण्यातल्या कॉलेजांच्या, ऑफिसांच्या नेहमी येतात. मी बरीच वर्षं जुने कॉम्प्युटर जमवतो, दुरुस्त करतो, आणि अशी जाहिरात वाचली की पोटात गोळा येतो, कारण त्या लॉटमध्ये नक्की काय आहे ते विकणाऱ्याने पाहिलेलं नसतं आणि घेणारा फक्त वजन, तांबं आणि सोनं बघतो. सोनं म्हणजे खरंच सोनं, जुन्या सिरॅमिक प्रोसेसरच्या पिनांवर त्याचा मुलामा असतो, त्यामुळे जितकं मशीन जुनं तितकं ते आधी फोडलं जातं!

बाहेर काय चाललंय बघा. अ‍ॅपल-१ हा १९७६ चा कॉम्प्युटर, स्टीव्ह वोझ्नियाकने डिझाइन केलेला, जेमतेम २०० बोर्ड बनले, किंमत ६६६.६६ डॉलर. पुढे कंपनीनेच अ‍ॅपल-२ देऊन गिऱ्हाइकांकडून ते परत घेतले आणि नष्ट केले, म्हणून आज इतके कमी उरलेत. त्यातला एक २०१४ मध्ये न्यूयॉर्कला बोनहॅम्सच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला गेला आणि घेणारं कोण, तर हेन्री फोर्ड म्युझियम. आपल्याकडच्या कपाटात असं काही कोटींचं घबाड पडलंय असं मी म्हणत नाहीये. पेंटियम-४ सारख्या अलीकडच्या, कुठेही मिळणाऱ्या पीसींचे ढीग खुशाल रिसायकलरला द्या, त्याचं मला काही वाटत नाही.

पण काही वस्तू आपल्याकडच्याच आहेत, त्या दुसरीकडे मिळणार नाहीत. ऐंशीच्या दशकात शाळेत कॉम्प्युटर शिकवण्याच्या सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले होते. डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात विकलेला स्पेक्ट्रम हा छोटा घरगुती कॉम्प्युटर होता, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून प्रोग्रॅम लोड करायचा. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं म्हणजे जिस्ट कार्ड. याचं काम आयआयटी कानपूरला सुरू झालं आणि पुढे आपल्या पुण्यात सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संशोधन संस्थेत वाढलं, साध्या पीसीच्या स्लॉटमध्ये हे कार्ड बसवलं की डॉसमधल्या (विंडोजच्या आधीची, फक्त अक्षरांची सिस्टिम) नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाईप करता यायची, स्क्रीनवर दिसायची, आणि इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची तीच मांडणी तमिळला, बंगालीलाही चालायची कारण इस्की हा भारतीय अक्षरांसाठीचा कोड या सगळ्या लिप्यांना एकाच पद्धतीने लावलेला होता. विंडोज आणि युनिकोड (आज जगभर वापरतात तो अक्षरांचा कोड) यांच्या आधी कॉम्प्युटरवर मराठी आली ती अशी. आता हे कार्ड डब्याच्या आत असतं, बाहेरून तो पीसी इतर शंभर पीसींसारखाच दिसतो, झाकण उघडून बघितलंच नाही तर गेलं ते किलोच्या भावाने. कार्ड, त्याची फ्लॉपी आणि मॅन्युअल तिन्ही एकत्र सापडलं तर जमवणाऱ्यासाठी तो खरा ठेवा.

ज्या शहरात १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला त्या शहराने निदान एवढं तरी सांभाळायला नको का?

कायद्याची मदत होईल असं वाटत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू साधारण १०० वर्षं जुनी लागते, म्हणजे १९८५ चं मशीन २०८५ ला पात्र होणार. उलट ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम सांगतात नोंदणीकृत रिसायकलरला द्या, नियम चांगलाच आहे, उघड्यावर केबल जाळण्यापेक्षा कधीही बरा, पण रिसायकलरचं काम फोडण्याचंच असतं.

म्हणून माझी कॉलेजांना, बँकांना, कंपन्यांना विनंती आहे की लिलावाआधी फक्त एक आठवडा द्या. मॉडेल नंबर लिहा, झाकण उघडून आतले फोटो काढा, वेगळं काही दिसलं तर ते मोठ्या लॉटमधून काढून छोटा लॉट करा म्हणजे आमच्यासारख्या माणसालाही बोली लावता येईल, अख्खा ट्रक भरून घ्यायची आमची ऐपत नाही हो. पैसेही तुम्हालाच जास्त मिळतील. डेटाची भीती असेल तर हार्डडिस्क काढून ठेवा आणि बाकीचं मशीन द्या, आम्हाला चालतं.

आणि प्रत्येक प्रकारातला एक नग विकूच नये, तो शहरात एखाद्या संस्थेकडे राहावा. खासगी माणसावर हे सोडू नका, माझ्यावरही नको. मायक्रोसॉफ्टच्या पॉल अ‍ॅलनने सिएटलला जुने कॉम्प्युटर चालू ठेवणारं म्युझियम काढलं होतं, ते २०२० मध्ये बंद झालं आणि त्याच्या मागे २०२४ मध्ये संग्रहातल्या कितीतरी वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात निघाल्या, तिथे पैशाची तर काही कमी नव्हती. आपल्याकडे दिनकर केलकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या जमवल्या आणि सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला म्हणून तो आज आपण बघू शकतो. सी-डॅक, सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेज, केलकर म्युझियम, यातल्या कोणीही एक खोली दिली तरी सुरुवात होईल, मशीन दुरुस्त करून द्यायला माझ्यासारखे लोक फुकट येतील.

ज्यांच्या घरी माळ्यावर २८६ किंवा ३८६ प्रोसेसरचा जुना पीसी पडलाय त्यांनी आजच तो खाली काढावा. त्याच्या मदरबोर्डवर (आतल्या मुख्य बोर्डावर) बऱ्याचदा छोट्या पिंपाच्या आकाराची निळी निकेल-कॅडमियम बॅटरी असते, ती गळते आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती कापून काढा, हिरवट डाग पडले असतील तर व्हिनेगरने पुसा, मग नीट स्वच्छ करून पूर्ण वाळू द्या. आणि एवढ्या वर्षांनी सरळ प्लगला लावू नका, आधी पॉवर सप्लायमधले कपॅसिटर जाणकाराकडून तपासून घ्या.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे