शहराच्या आरोग्याचा वार्षिक अहवाल का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी प्रवेशांचा हंगाम जवळ आला की ठाणे आणि नवी मुंबईतील सभागृहांत सल्लागारांचे मेळावे भरू लागतात, आणि गेली काही वर्षे त्यांत ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’ म्हणजेच एमपीएच या सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचे नाव बरेच ऐकू येते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि नर्सिंगचे अनेक पदवीधर या अभ्यासक्रमाकडे वळत आहेत. मी स्वतः दंतवैद्यकाची पदवी घेऊन उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठातून एमपीएच केले आणि ऐरोलीला परत आले. त्या शिक्षणातून जे हाती लागले त्याचा उपयोग आपल्या शहराला कसा होऊ शकेल, याविषयी हे पत्र आहे.

मेळाव्यात सहसा ठळकपणे सांगितल्या न जाणाऱ्या गोष्टी आधी थोडक्यात सांगते. या पदवीने ब्रिटनमध्ये रुग्ण तपासण्याचा परवाना मिळत नाही. तो मार्ग आणि त्याच्या परीक्षा वेगळ्या आहेत. जानेवारी २०२४ पासून अशा अध्यापनप्रधान (संशोधनाऐवजी वर्गातील शिकवणीवर भर असलेल्या) अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना पती-पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबरच वर्षाला ७७६ पौंडांचा अधिभार भरावा लागतो, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. घर तारण ठेवून कर्ज काढणाऱ्या पालकांनी हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

आता शिक्षणाविषयी. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी हे विषय कोठेही शिकता येतात. आपल्याकडेही देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ते उत्तम शिकवले जातात. मला नवे होते ते दुसरेच. पहिल्याच सत्रात आम्हाला इंग्लंडमधील एकेक स्थानिक परिषद (आपल्या महापालिकेसारखी संस्था) वाटून देण्यात आली आणि तेथील लोक कशाने आजारी पडतात, कशाने आणि कोणत्या वयात मरतात, हे शोधून लिहायला सांगितले गेले. घानाची परिचारिका, नेपाळचा डॉक्टर आणि मी अशा आमच्या गटाला वाटले होते की परवानग्यांतच महिना जाईल. प्रत्यक्षात बहुतेक माहिती आधीच प्रसिद्ध झालेली होती. एप्रिल २०१३ पासून इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्याची जबाबदारी पुन्हा स्थानिक परिषदांकडे आली असून प्रत्येक मोठ्या परिषदेत सार्वजनिक आरोग्य संचालक असतो. आपल्या भागातील लोकांच्या आरोग्यावर दरवर्षी अहवाल लिहिणे हे त्याचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि तो प्रसिद्ध करणे हे परिषदेचे. हा अहवाल स्वतंत्र असतो, त्यामुळे परिषदेला न आवडणारी गोष्टही त्यात येऊ शकते. एकाच गावातील दोन प्रभागांत सरासरी आयुर्मानाचा फरक किती, हे तेथे कोणताही नागरिक घरबसल्या पाहू शकतो. गरिबीचा निर्देशांक तर सुमारे दीड हजार लोकवस्तीच्या लहान लहान तुकड्यांसाठी काढला जातो.

या सवयीची मुळे जुनी आहेत. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या पाण्यातून कॉलरा पसरत असल्याचे डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवले, ही गोष्ट वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, पण तिची आधीची पायरी क्वचितच सांगितली जाते. स्नो यांनी नोंदणी कार्यालयात जाऊन २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यातील त्या भागातील कॉलऱ्याच्या ८९ मृत्यूंची यादी मागितली आणि ती त्यांना मिळाली. त्या कार्यालयातील आकडेवारीचे प्रमुख विल्यम फार तेव्हा कॉलरा दूषित हवेने होतो असे मानत होते, म्हणजे स्नो यांचे म्हणणे त्यांना पटलेले नव्हते. तरीही नोंदवही उघडली गेली, म्हणून मृतांचे पत्ते मिळाले आणि पत्ते मिळाले म्हणून संशय पंपापर्यंत पोहोचला.

प्रबंधासाठी मी अर्थातच आपले शहर निवडायचे ठरवले. दिघा, तुर्भे आणि नेरूळ येथील लोकांच्या मृत्यूच्या कारणांत किती फरक आहे, एवढाच माझा प्रश्न होता. त्यासाठी एका स्थानिक कार्यालयाकडे विभागवार आकडे मागितले, स्मरणपत्रेही पाठवली, परंतु प्रबंधाची मुदत संपेपर्यंत उत्तर आले नाही. शेवटी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीची माहिती वापरली. गंमत अशी की या सर्वेक्षणाचे काम देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. वाशीचा पूल ओलांडला की जी संस्था लागते, तिची माहिती मी इंग्लंडमधील संगणक कक्षात बसून वाचत होते. ते सर्वेक्षण मौलिक आहे, पण त्याचे आकडे जिल्ह्यापाशी थांबतात. ठाणे जिल्ह्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर अशा सहा महापालिका आहेत, शिवाय शहापूर आणि मुरबाडचे आदिवासी पाडे आहेत. पाम बीच मार्गावरचे मनोरे आणि शहापूरचा पाडा यांची सरासरी काढून मिळणारा आकडा कोणत्याही महापालिकेला काय करावे हे सांगू शकत नाही. तो पाड्यावरही अन्याय करतो आणि दिघ्याच्या झोपडपट्टीवरही, कारण दोघेही त्यात दिसेनासे होतात.

मृत्यूच्या कारणांचा प्रश्न याहून खोल आहे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९६९ पासून आहे आणि रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टरने नमुना ४ भरायचा असतो. त्यात तात्कालिक कारण, त्यामागचे कारण आणि सर्वांच्या मुळाशी असलेले कारण असा क्रम लिहावा लागतो. परंतु २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते, ते एक चतुर्थांशापेक्षाही कमी होते. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीपेक्षा बरी आहे, पण समाधानाची नाही. शिवाय जेथे नमुना भरला जातो तेथेही ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने’ असे लिहून तो मोकळा केला जाण्याचे प्रमाण मोठे आहे. मरणाऱ्या प्रत्येकाचेच हृदय बंद पडते. त्यामागे क्षयरोग होता, मधुमेहाने निकामी झालेली मूत्रपिंडे होती की दगडखाणीच्या धुळीने गेलेली फुफ्फुसे, हे त्या ओळीवरून कळत नाही. २०२३ च्या दुरुस्तीने रुग्णालयांवर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला देण्याचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याचे बंधन घातले आहे. कायदा आता पुरेसा आहे; उणीव आहे ती भरलेला कागद तपासणाऱ्या आणि त्याची बेरीज मांडणाऱ्या माणसांची.

इंग्लंडचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथील साथरोगतज्ज्ञ मायकेल मार्मट यांनी २०१० मध्ये आरोग्यातील विषमतेवर दिलेला अहवाल तेथे सर्वांनी डोक्यावर घेतला, आणि दहा वर्षांनी त्यांनाच लिहावे लागले की देशातील आयुर्मानाची वाढ जवळजवळ थांबली आहे. परिषदांना मिळणारे सार्वजनिक आरोग्याचे अनुदान त्याच दशकात घटत गेले. अहवाल लिहिल्याने आयुष्य वाढत नाही. मात्र परिषदेच्या सभेत अनुदानकपातीला विरोध करणाऱ्या सदस्याच्या हातात आपल्या प्रभागाचा आकडा असतो, आणि उत्तर देणाऱ्याला तो नाकारता येत नाही. आपल्या सभागृहात आरोग्यावरची चर्चा बहुधा औषधफवारणी झाली की नाही आणि रुग्णालयात खाटा किती, यांभोवतीच फिरते. त्यात नगरसेवकांचा दोष कमी, हाती आकडे नसण्याचा जास्त.

ही परदेशी कल्पना आहे असेही कोणी म्हणू नये. १८९६ च्या प्लेगच्या काळात मुंबईत विभागवार मृत्यूंचे तक्ते नियमित छापले जात होते. त्या काळच्या सक्तीच्या उपायांविषयी राग असणे रास्तच आहे, पण कोणत्या विभागात किती माणसे मेली हे तेव्हाच्या मुंबईकराला कळत होते. अलीकडचे उदाहरण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते गडचिरोलीला गेले आणि तेथील गावांत बालमृत्यू काळजीपूर्वक मोजले. घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची जी पद्धत पुढे देशाने स्वीकारली, तिच्या मुळाशी ही मोजणी आहे.

म्हणून ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या प्रशासनाला विनंती आहे. महापालिका अधिनियमातील तरतुदीनुसार शहराच्या पर्यावरणाचा अहवाल दरवर्षी तयार केला जातो. त्याच धर्तीवर वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांनी शहराच्या आरोग्याचा अहवाल मराठीत, अर्थसंकल्पापूर्वी प्रसिद्ध करावा. नवी मुंबईत बेलापूरपासून दिघ्यापर्यंत आठ विभाग कार्यालये आहेत, ठाण्यात प्रभाग समित्या आहेत. तेवढ्या पातळीवरचे तक्ते सुरुवातीला पुरेत. किती गोळ्या वाटल्या आणि किती शिबिरे घेतली हे त्यात दुय्यम असावे. कोण, कोठे, कोणत्या वयात आणि कशाने गेले, हे मुख्य. व्यक्तीची ओळख उघड होईल ही शंका रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे: इंग्लंडमध्ये फार लहान आकडे झाकले जातात किंवा काही वर्षांचे एकत्र करून दिले जातात.

हे काम करायला माणसे कोठून आणायची, हा प्रश्न ऐरोलीत तरी विचारला जाऊ नये. येथील आयटी पार्कमध्ये आरोग्यशाखांचे कितीतरी पदवीधर, त्यांत परदेशातून एमपीएच करून आलेलेही, अमेरिकेतील रुग्णांच्या आजारांना आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे सांकेतांक देत बसलेले असतात, कारण त्याशिवाय तेथील विम्याची बिले निघत नाहीत. तेच वर्गीकरण, तेच कौशल्य नमुना ४ ला लागते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्येच राज्यांना सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग उभारण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. महापालिकांनी त्यांच्या आधारे मंजूर पदांच्या आकृतिबंधात साथरोगतज्ज्ञ आणि आरोग्य सांख्यिकी अधिकाऱ्याची निदान दोन-दोन पदे मागावीत, आणि ती मंजूर होईपर्यंत नमुना ४ ची तपासणी व संकेतन करण्यासाठी प्रशिक्षित पदवीधरांना मानधनावर घ्यावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई