सिझरचा खटला

शहापूर, बेळगाव

प्रिय सुमे,

आम्ही बरे आहोत. सासूबाईंचा गुडघा आहे तसाच. फोनच केला असता, पण आमच्या घरातल्या भिंतींना नुसते कान नाहीत, मतंही आहेत.

ओवीला डायबेटिस निघाला. टाइप वन, म्हणजे अंगात इन्शुलिनच तयार होत नाही तो. पाण्याची बाटली हातातून सुटेना, रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे. रक्त तपासलं तर साखर पाचशेच्या वर. आता रोज इन्शुलिन. साखर तपासायला आज कुठलं बोट टोचायचं, हे बाईसाहेब ठरवतात. अंगठ्याला कायमची सुट्टी. मधोमध नाही, कडेला टोचायचं, हेही तीच मला बजावते.

पण मला खातंय ते वेगळंच गे. सिझरच्या पोरांना हा आजार जास्त होतो, असं नणंदेनं मोबाइलवर वाचलं. झालं! तेव्हापासून माझं पोट आरोपीच्या पिंजऱ्यात. "जरा कळा सोसल्या असत्या तर..." त्या रात्री बाळाचे ठोके पडायला लागले तेव्हा माझ्या उशाशी तू होतीस, ह्यांच्यातलं एकही नव्हतं.

मग मीही शोधलं. 2008 मध्ये बऱ्याच अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सिझरच्या मुलांत धोका साधारण 20 टक्क्यांनी जास्त दिसला. ऐकून धडकीच भरते. पण हजारात चौघांना होत असेल, तर त्या चारचे पाचसुद्धा होत नाहीत! पुढे स्वीडनमध्ये सख्ख्या भावंडांची तुलना केली तर तो फरकही जवळजवळ गेलाच. जन्मताना वजन जास्त, आईचं वय जास्त, ह्यांचाही थोडाथोडा हात सापडतो म्हणे. ओवी तर पावणेतीन किलोची. आणि वयाचं म्हणशील, तर "पस्तिशीत बाळंतपण काढणार काय?" म्हणून बोगारवेशीत भर रस्त्यात माझ्याशी भांडली होतीस. ते भांडण तू जिंकलीस असं अजिबात समजू नकोस.

गंमत ऐक. आईला टाइप वन असण्यापेक्षा बापाला असेल तर पोरांना धोका जास्त. आमच्यात दोघांनाही नाही, तरी मी हे जेवताना मुद्दाम मोठ्यानं वाचलं. ह्यांना ठसका लागला. सासऱ्यांचा टाइप टू, तो वेगळा. त्यांच्या गोळ्याही चालू आणि गोडगोड कुंदा खाणंही चालू. त्यांच्या आईनं काय केलं होतं, हे कुणी विचारत नाही.

मला राग येतो तो हे सगळं पोरीच्या कानावर पडतं त्याचा. परवा विचारते, "मी पोट कापून आले म्हणून काय?" मी नाही म्हटलं, पण आजीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा.

दिवाळीला येशील तेव्हा त्या रात्रीचं सगळं सासूबाईंपुढं बसून सांग, ओवी समोर असताना. माझं ऐकत नाहीत. तू नर्स, तुझं ऐकतील.

पुण्यातली बदली झाली काय? काकूंच्या मोतीबिंदूचं कळव. आणि माझी निळी इरकल तुझ्याकडंच आहे, येताना आण.

तुझी,
वंदी