शिक्षकांच्या बैठकीत बोलशील तेव्हा

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

समलिंगी, ट्रान्सजेंडर अशा एलजीबीटीक्यू मुलांना शाळेत काय सोसावं लागतं ते ऐकायला शिक्षकांनी तुम्हा चौघांना बैठकीत बोलावलंय, हे वाचून बरं वाटलं. मी स्वतः शिक्षिका, म्हणून आतली गोष्ट सांगते. 'समावेशक शिक्षण' हे शब्द फळ्यावर दिसले की आमच्यातले निम्मे जण मागच्या बाकावर वह्या तपासायला काढतात. तेव्हा भाषण नको. घडतं तेच सांग. पीटीला मागे पडलेल्या मुलाला 'बांगड्या भर' म्हणतात. हजेरीत एखाद्याचं नाव आलं की मागून 'बायल्या' असा आवाज येतो, आणि मॅडम पुढचं नाव घेतात. त्यांना ऐकू आलेलं असतं रे, पण काय बोलावं ते सुचत नाही. त्यांना तयार वाक्यच दे: 'हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही.' मग खुशाल पुढची हजेरी.

वरून काही येईल म्हणून थांबू नका. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांबाबत शिक्षकांसाठी चांगली पुस्तिका काढली होती, अगदी गणवेश आणि स्वच्छतागृहांपर्यंत. आक्षेप आले नि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली. उलट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत १९८८ साली एका मुलीने केविन जेनिंग्ज या शिक्षकांकडे विषय काढला आणि समलिंगी व इतर मुलांचा मिळून एक गट उभा राहिला. ती स्वतः समलिंगी नव्हती, तिची आई होती. पुढे त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांनी आमदारांना गाठलं. डिसेंबर १९९३ मध्ये सरकारी शाळांत समलिंगी विद्यार्थ्यांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला.

एक मात्र सांभाळ. दुसऱ्याची गोष्ट त्याला विचारल्याशिवाय सांगायची नाही. नाव गाळून 'नववी ब मधला, तबला वाजवणारा' म्हटलंस तरी सगळ्यांना कळलंच. मग कुणीतरी भल्या मनाने त्याच्या घरी फोन करतं, आणि घरी काय होईल ते त्या मुलालाच माहीत. म्हणून पहिली मागणी हीच करा: मुलाने विश्वासाने सांगितलेलं त्याला न विचारता घरी कळवायचं नाही.

आणि पालकसभेतही हा विषय घ्यायला सांग. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पालक-शिक्षक संघांमार्फत पालकांशी बोलायला सांगितलंय. तो तमिळनाडूतला निकाल, पण आपल्याला कुणी अडवलंय थोडंच! तारीख कळव. मी बाबांना घेऊन येते.

तुझी,
आई