अडावदच्या मावशींना, गोधड्यांबद्दल

मावशी,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. निघताना मी फोटो काढायला मोबाइल पुढे केला, तेव्हा तुम्ही पदर तोंडावर घेऊन हातानेच नको म्हणालात. ते ध्यानात आहे. पण पत्र उघडं लिहितेय. तुमचा नातू वाचून दाखवेलच, आणि तुमच्याआधी ज्यांच्या फाटकावर आम्ही उभे होतो त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर तेही हवंच आहे.

आम्ही गाडीत राहतो. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून त्यात दोन पलंग, एक ओटा, पाण्याची टाकी, वर सोलर. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर चालतं. थोरला पाच वर्षांचा, धाकटी दीड. थोरल्याची पहिली सुरू होईपर्यंत असंच फिरायचं आम्ही ठरवलंय. लोक विचारतात, आम्ही सांगतो, आणि बहुतेकांना ते पटत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. ज्याचं त्याचं मत.

यंदा हिवाळ्यात खान्देश धरला, कारण थोरल्याला घोडे बघायचे होते. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा असते, तापीकाठी, एकमुखी दत्ताची. तिथे त्याने एवढे घोडे पाहिले की रात्री झोपेतही तो "पंचकल्याणी, पंचकल्याणी" पुटपुटत होता. एका घोडेवाल्या काकांनी त्याला सांगितलं होतं की चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी. मग शहादा, शिरपूर, चोपडा असं सातपुडा डाव्या हाताला ठेवून आम्ही निघालो. लहान मुलांना घेऊन फिरताना मोठ्या मोठ्या गोष्टी बघायच्या नसतात, हे आम्हाला एव्हाना कळलंय. दिवसाला एकच ठिकाण, तिथे पाणी असावं, माती असावी आणि घाई नसावी. म्हणून उनपदेव, तुमच्या अडावदजवळचं. सातपुड्याच्या पायथ्याला गोमुखातून गरम पाणी पडतं आणि पोरं त्याखालून निघायलाच तयार होत नाहीत. रामायणातल्या शरभंग ऋषींची गोष्ट तिथल्याच एका आजोबांनी सांगितली. थोरल्याला ऋषींचं काही नव्हतं. जमिनीखाली कोण चूल पेटवतं, एवढंच त्याला विचारायचं होतं.

पण उनपदेवला पोचायच्या आदल्या संध्याकाळचं सांगायला हवं, कारण तुमच्या हातून जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

रात्रीच्या मुक्कामाला आम्ही रस्त्याच्या कडेला कधी थांबत नाही. पेट्रोलपंप, मंदिराचं आवार, ढाबा, कुठेतरी विचारून, सांगून थांबतो. पैसे देतो. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे. पण अंधार पडताना दोन लेकरं घेऊन कुणाच्या फाटकासमोर उभं राहिलं की हातात धोरण नसतं, समोरच्याची मर्जी असते. त्या संध्याकाळी एका मंगल कार्यालयाचं मोठं मोकळं मैदान होतं, लग्न नव्हतं, कुणी नव्हतं. तिथल्या माणसाने खिडकीतून आत डोकावून पाहिलं, पलंग पाहिले, वाळत घातलेले लंगोट पाहिले आणि म्हणाला, "हे असले गाडीत राहणारे लोक नको आम्हाला. ज्यांना घरदार नाही त्यांचा काय भरवसा? उद्या काही गेलं तर कुणाला धरायचं?"

जागा नाही म्हणाला असता तर मी त्याला नमस्कार करून पुढे गेले असते. जागा त्याची आहे, नाही म्हणायचा हक्क त्याचा आहे. पण थोरला माझ्या शेजारी उभा होता, माझं बोट धरून, आणि त्या माणसाला तो दिसत होता. पुढे एका लॉजवर खोली मिळाली असती, पण काउंटरवरच्या गृहस्थांनीही तेच विचारलं, जरा गोड शब्दांत: घर सोडून का आलात, भांडण-बिंडण नाही ना? तेही पोरासमोरच. शेवटी एका पंपावर रात्र काढली. तिथल्या पोरांनी न बोलता पाण्याचा पाइप दिला. त्यांचेही आभार मानते, त्यांना तरी कोण मानतं.

त्या रात्री थोरल्याने विचारलं, "आई, आपल्याला घर नाहीये का?" मी काहीतरी उत्तर दिलं. पहाटे त्याचं अंथरूण ओलं होतं. वर्ष झालं असेल, असं झालं नव्हतं. पाच वर्षांच्या मुलाचं अंथरूण कधी ओलं होणं हा काही आजार नाही, आम्ही काही बोललोही नाही. पण त्याने ते लपवायचा प्रयत्न केला. उशी त्यावर ओढून तो बसून राहिला. कुणी आलं की गादी दिसू नये म्हणून गाडीजवळ असेल तेव्हा सरकत्या दाराशी उभा. एरवी हाच पोरगा येईल त्याला हात धरून गाडी दाखवत फिरायचा.

उनपदेवहून परतताना क्लच गेला. ते सगळं मी सांगत बसत नाही. अंधार पडला होता, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, थंडी वाढत होती आणि धाकटी रडत होती. तेव्हा तुमच्या घरचे बाबा मोटरसायकलवरून आले, थांबले, टॉर्च मारला. मी मनातल्या मनात आता काय ऐकावं लागतंय याची तयारी करत होते. बाबांनी अहिराणीत विचारलं, कुठून आलात, "कथाईन उनात?" आम्ही सांगितलं. दुसरा प्रश्न नाही. "संगे लेकरं शेतस, रात व्हई गई. चाला मळामा." ट्रॅक्टर आणून त्यांनी गाडी ओढत नेली आणि तुमच्या अंगणात लिंबाखाली लावली.

तुम्ही ओसरीवरून उतरून आलात. धाकटीला दूध गरम करून आणलं होतंत, पितळी पेल्यात. ते द्यायला गाडीत चढायच्या आधी तुम्ही खाली पायरीशी चपला काढल्यात.

मावशी, आमच्या गाडीत मेकॅनिक चढतात, पोलीस चढतात, कौतुकाने बघायला आलेले लोक चढतात. चपला काढून आजवर कुणी चढलं नव्हतं. थोरल्याने पाहिलं. तुम्ही गेल्यावर तो उतरला आणि तुमच्या चपला जिथे होत्या तिथे स्वतःच्या काढून ठेवल्या. बोलला काही नाही.

रात्री जेवायला तुम्ही भरीत केलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय हे मला वाचून माहीत होतं. पण ती हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी कपाशीच्या वाळल्या पळाट्यांच्या जाळावर भाजताना, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत कुटताना, वरून कांद्याची पात पडताना कधी पाहिलं नव्हतं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. थोरल्याला तिखट लागेल म्हणून तुमच्या सुनेने मिरची घालायच्या आधीच त्याचा गोळा बाजूला काढला होता. मग बाबा त्याला बागेच्या बांधावर घेऊन गेले. कडाक्याची थंडी पडली की केळीला चरका बसतो, पानं पिवळी पडतात, म्हणून बांधाबांधाने काडीकचरा पेटवून धूर करायचा. बाबांनी त्याच्या हातात काडी दिली आणि खरंच कामाला लावलं. केळीला थंडी वाजते हे त्याला इतकं पटलं की आजही कुठे बाग दिसली की तो खिडकीतून विचारतो, यांच्याकडे कुणी धूर करतं का.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

सकाळी पुन्हा तेच. गादी ओली. मी ती गाडीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशी टाकायला निघाले आणि थोरला माझा पदर ओढत रडत होता, नको बाहेर काढू, नको काढू. तुम्ही अंगणात सडा घालत होतात. तुमच्या लक्षात आलं. तुम्ही जवळ आला नाहीत, "काय झालं" विचारलं नाहीत, "एवढा मोठा झाला आणि" हे तर नाहीच. बादली ठेवून आत गेलात. बाहेर आलात तेव्हा तुमच्या दोन्ही खांद्यांवर गोधड्या होत्या. मग पुन्हा आत, पुन्हा गोधड्या. जुन्या लुगड्यांच्या, जाड, हातशिलाईच्या. थोरल्याकडे न बघताच तुम्ही हाक मारलीत, "आज आमन्या बी गोधड्या उनमा टाकान्या शेतस. धर रे भो, एक कोपरा तू धर."

तो उठला. नाक पुसलं आणि कोपरा धरला. मागच्या जिन्याने तुम्ही दोघं धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, गेलात. मी खालून बघत होते. एक गोधडी पसरली, दुसरी पसरली, मग त्यानेच वरून ओरडून सांगितलं, "आई, आपली गादी पण दे!" ती त्याने बाबांच्या गोधडीला लागून घातली, कोपरे ओढून सारखी केली. तुम्हाला त्याने विचारलं, "तुमची पण ओली झाली?" तुम्ही म्हणालात, "थंडीना दिन शेतस. व्हस."

एवढंच. पुढे तुम्ही खाली आलात आणि चहा टाकलात.

दुपारी सून भांडी घासत होती, मी विसळत होते. तिच्या तोंडून निघून गेलं की गोधड्या तर आठवड्यापूर्वीच सगळ्या धुऊन, वाळवून, घड्या करून ठेवल्या होत्या. तुम्ही आतून तिच्याकडे असं बघितलंत की ती पुढचं गिळून गेली. मी तिथेच हातातलं ताट धरून बसले. तुम्हाला वाटलं असेल मला धूर लागला.

तुम्ही मळ्यात जागा दिलीत, जेवू घातलंत, जळगावहून सामान येऊन गाडी दुरुस्त होईपर्यंत आम्हाला एकदाही परकं वाटू दिलं नाहीत. त्या सगळ्याचे आभार आहेतच. बाबांनी मेकॅनिकशी भाव केला, तुमच्या नातवाने धाकटीला दिवसभर कडेवर मिरवलं, न मागता न्हाणीत गरम पाण्याची बादली ठेवलेली असायची. बाईमाणसाला लेकरांसह रस्त्यावर राहताना न्हाणी आणि संडास यांसाठी किती वेळा तोंड वेंगाडावं लागतं हे ज्याचं त्याला माहीत. तुमच्याकडे मला एकदाही विचारावं लागलं नाही. पण मदत आम्हाला आधीही मिळाली आहे, पुढेही मिळेल. घडी घालून ठेवलेल्या गोधड्या माझ्या पोरासाठी पुन्हा धाब्यावर चढवणारं कुणी मिळेल का, हे मला माहीत नाही.

मला कुणी सांगू नये की खेड्यातली माणसं चांगली आणि शहरातली वाईट. ते मंगल कार्यालय काही शहरात नव्हतं. गरीब-श्रीमंतीचंही नाही. तुमच्याकडे बाग आहे, ट्रॅक्टर आहे, घरात चार माणसं कमावती आहेत. तुम्हाला पोराची लाज दिसली आणि त्या माणसाला दिसली नाही, किंवा दिसूनही त्याने बोलायचं ठरवलं. दोघांसमोर उभा होता तो एकच मुलगा. सानेगुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांची आजारपणं काढायचे, त्यांचे कपडे धुवायचे असं लहानपणापासून ऐकलंय. मला ती नेहमी मोठ्या माणसांची गोष्ट वाटायची. त्यांना जमलं, आपल्याला कुठलं जमायला. तुमच्या अंगणात ती मला सडा घालता घालता झालेली दिसली.

आणि त्या मंगल कार्यालयाच्या गृहस्थांना: तुमचं मैदान तुमच्याकडे राहू द्या. पुढच्या वेळी कुणाला नाही म्हणायचं झालं, तर त्याचं लेकरू जरा बाजूला जाईपर्यंत थांबा. दोन मिनिटं लागतात.

मावशी, तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्याकडून निघाल्यावर चाळीसगावकडे गेलो, पाटणादेवीला. तिथे पुन्हा एकदा गादी ओली झाली. थोरल्याने मला उठवलं आणि म्हणाला, "आई, ऊन आलं की टाकू. थंडीचे दिवस आहेत, होतं." मग स्वतःच तिचा कोपरा धरून ओढत बाहेर नेली. गौताळ्याच्या जंगलाकडे जाणारे लोक येत-जात होते. एका ताईंनी गादीकडे बघितलं तर त्यांनाही त्याने सांगितलं. नंतर त्यांना हात धरून गाडी दाखवायला घेऊन आला आणि पायरीशी थांबवून म्हणाला, चपला इथे काढा.

तुम्ही निघताना माझ्या ओटीत तांदूळ-नारळ आणि वर केळीची एक फणी घातलीत, आणि म्हणालात, "आखाजीले येजो माय." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, हे तुमच्या सुनेने मला नंतर समजावलं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. माहेरी ये असं मला कुणी म्हणायचं आता उरलेलं नाही.

येतोय आम्ही. गाडी लिंबाखालीच लावू, बाबांना तेवढी ट्रॉली बाजूला घ्यायला सांगा. येताना सुनेसाठी नाशिकहून काय आणू ते नातवाकडून कळवा. आणि झोका कुठल्या झाडाला बांधायचा ते मी येईपर्यंत ठरवू नका, थोरल्याला स्वतः बघून ठरवायचंय.

तुमची,
लिंबाखालच्या गाडीतली लेक