पुण्यातल्या घराला इथून रंग

काका,

नाव लिहिलं तर ओरडाल, म्हणून नुसतं काका. शिमग्याला चार दिवस देवगडला आलात आणि त्यातली एक अख्खी संध्याकाळ आमच्या पडवीत, माझ्या लॅपटॉपपुढे घालवलीत. त्याचे आभार सगळ्यांदेखत मानायचे राहिलेत.

हापूसच्या ऑर्डरी घेणारा प्रोग्रॅम इथे, बुकिंगचं मॉड्यूल पुण्याच्या सर्व्हरवर, मधे जावाचं आरएमआय, म्हणजे दुसऱ्या मशीनवरची मेथड (प्रोग्रॅममधला कामाचा तुकडा) इथून हाक मारून चालवायची सोय. रेंज गेली की कॉल लटकायचा. प्रत्येक रिमोट कॉलभोवती तेच लॉगिंग, चूक पकडणारा तोच ट्राय-कॅच लिहून कंटाळलो आणि ॲस्पेक्टजे घेतलं: असा परत परत लागणारा कोड, म्हणजे ॲडव्हाइस, एकदाच लिहायचा, तो ठरल्या जागी आपोआप विणला जातो. माझ्या मशीनवर सगळं झकास. पुण्याला जोडलं की ॲडव्हाइस मुका! एरर नाही, लॉग नाही. तीन रात्री गेल्या.

ॲडव्हाइस कुठे बसवायचा ते सांगणारी पॉइंटकटची ओळ तुम्ही वाचलीत आणि म्हणालात, "मेल्या, पुण्यातल्या घराक हयसून रंग लावतंस काय?"

मी 'एक्झिक्यूशन' लिहिलं होतं. तो ॲडव्हाइस मेथडच्या पोटात विणला जातो, आणि मेथडचं पोट पुण्याच्या जेव्हीएममध्ये, म्हणजे जावा चालवणाऱ्या तिथल्या यंत्रणेत. ॲडव्हाइस विणणारा इथला विव्हर तिथे पोचणार कसा? माझ्या मशीनवर दोन्ही बाजू एकाच जेव्हीएममध्ये होत्या, म्हणून चाललं. इथे असतो तो फक्त स्टब, पुण्याच्या मॉड्यूलचा इथला प्रतिनिधी. 'कॉल' लिहिलं की ॲडव्हाइस आपल्याच कोडमध्ये, हाक मारतो त्या जागी बसतो. होडी परक्या बंदरात काय करते ते दिसत नाही, पण कधी सुटली, कधी परतली ते आपल्या जेट्टीवर लिहिता येतं, हे तुमचंच. एक शब्द बदलला आणि लॉग धो धो वाहायला लागला.

खरं तर मोठे आभार पुढच्या गोष्टीचे. कॉल फसला की पुन्हा 'प्रोसीड' करायचं, म्हणजे तोच कॉल परत चालवायचा, असा अराउंड (कॉलला वेढून बसणारा) ॲडव्हाइस मी मोठ्या हौसेने दाखवला. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. टाइमआउट म्हणजे काम झालं नाही असं नव्हे. पुण्यात बुकिंग होऊन नुसतं उत्तरच वाटेत हरवलं असेल तर? एका गिऱ्हाइकाच्या नावावर दोन पेट्या! आता रिट्राय फक्त माहिती वाचणाऱ्या कॉलना. बुकिंगला इथूनच एक क्रमांक जातो. तोच पुन्हा आला तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनंच उत्तर देतो.

तुमच्यासाठी एक पेटी बुक केलीय, याच प्रोग्रॅममधून. दोन आल्या तर आईला काही बोलू नका, आधी मला फोन करा.