फहाहीलहून प्राजूला

फहाहील, कुवेत
शुक्रवार, 22 ऑगस्ट 2025

चि. प्राजू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी दोन्ही टोलवले. पहिला कॉलेजच्या निबंधासाठी होता, की तिथे राजा आहे तर निवडणुका कसल्या? दुसरा तुझा स्वतःचा होता. चोवीस वर्षं राहूनही तुम्ही तिथले कोणीच नाही, याचं काही वाटत नाही का? तेव्हा मी ड्यूटीवर होतो आणि शेजारी पंप ओरडत होता. आज सुट्टी आहे. बाहेर जायची सोय नाही, कारण ऊन भाजून काढतंय. बुधवारी गणपती बसतील, तुझी आई मखराचे फोटो पाठवतेय, आणि इथे मी एसीखाली. तेव्हा सावकाश लिहितो. फोनवर तू मध्येच विषय बदलतेस.

आधी देश केवढा ते. 17,818 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याहून जरासाच मोठा. उत्तरेला आणि पश्चिमेला इराक, दक्षिणेला सौदी, पूर्वेला आखात. सौदीच्या हद्दीवरच्या नुवैसीबहून गाडी काढलीस तर इराकच्या हद्दीवर अब्दलीला अडीच तासांत पोचशील, आणि वाटेत एक घाट लागणार नाही. उत्तरेला मुतला म्हणून एक कड आहे, तिचं इथे कौतुक. आपल्याकडे तिला कोणी नावसुद्धा ठेवलं नसतं. नऊ बेटं आहेत. सगळ्यांत मोठं बुबियान, दलदलीचं आणि जवळजवळ ओसाड. फैलाका मात्र जुनं आहे. तिथे दिलमुन या प्राचीन संस्कृतीचे अवशेष आहेत, ग्रीकांची वस्ती होती, त्यांनी त्याला इकारोस नाव दिलं होतं. 1990 पर्यंत तिथे गाव नांदतं होतं. युद्धात उठलं ते पुन्हा तसं बसलं नाही.

नदी एकही नाही. पाऊस वर्षभरात शंभर-सव्वाशे मिलिमीटर. दापोलीला आषाढात एवढा एका दिवसात पडतो आणि आपण त्याला जोरदारही म्हणत नाही. 2016 च्या जुलैत मित्रिबाला 53.9 अंश नोंदले गेले, पृथ्वीवरच्या सर्वांत गरम नोंदींपैकी एक. म्हणून जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करायला बंदी असते. कायदा चांगला आहे. पाळतात की नाही हे ठेकेदार बघून ठरतं.

मग लोक पितात काय? हे तुला मीच सांगायला हवं, कारण माझी रोजीरोटी तीच. पूर्वी शत्त अल-अरब नदीतून पाणी होड्यांत भरून आणायचे आणि गाढवांवर लादून घरोघर विकायचे. 1950 च्या दशकात समुद्राचं पाणी गोडं करायचे कारखाने सुरू झाले. तुझी आई झाकणावर पाणी ठेवून भाजी शिजवते ना, झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात, तेच ते. फक्त आमचं झाकण दोन मजली. समुद्राचं पाणी शंभराच्या वर तापवायचं, पण दाबाखाली, म्हणजे ते उकळत नाही. मग कमी दाबाच्या कोठीत सोडलं की त्यातलं थोडं भस्सकन वाफ होतं. उरलेलं पुढच्या कोठीत, तिथे दाब आणखी कमी, पुन्हा वाफ. अशा वीसेक कोठ्या एकापुढे एक. वाफ थंड करायला ज्या नळ्या असतात, त्यांतून समुद्राचं नवं पाणी आत येत असतं. ते जाता जाता फुकटात तापतं. नळ्यांत क्षार साचतात, म्हणून आम्ही त्यांतून स्पंजचे गोळे फिरवतो. एका टोकाला सोडायचे, दुसऱ्या टोकाला जाळीत पकडायचे, झिजलेले बाजूला काढायचे. पहिली दोन वर्षं माझं काम एवढंच होतं, गोळे मोजणं. निघणारं पाणी इतकं शुद्ध असतं की जिभेला कळतच नाही काही प्यालो ते. मग त्यात थोडं विहिरींचं मचूळ पाणी मिसळतात, तेव्हा कुठे ते पाण्यासारखं लागतं. कुवेत टॉवर्सचे निळे गोल तू फोटोत पाहिलेस, त्यांतल्या मोठ्या गोलात पाणीच साठवलेलं असतं. 1979 मध्ये ते लोकांना खुले झाले. लोकांना वाटतं शोभेला बांधलेत.

समुद्राचं पाणी तापवायला बॉयलरची जी वाफ वापरतात, तिच्यावर आधी वीजही होते. आणि तरीही गेल्या उन्हाळ्यापासून काही भागांत भारनियमन सुरू झालंय, तेलावर बसलेल्या देशात! तुझा काका हे ऐकून पोट धरून हसला.

तेल तसं कालचं. बुरगानचं तेल 1938 मध्ये लागलं, पहिलं जहाज गेलं 1946 मध्ये. त्याआधी हे गाव समुद्रावर जगायचं. मोत्यांसाठी बुड्या मारायचे. बसऱ्याचा खजूर भरून बूम नावाची शिडाची गलबतं मुंबईला आणि मलबारला न्यायचे, येताना सागवान, तांदूळ, मसाले. बूम बांधायचे तेही मलबारच्या सागाचे. गलबताच्या प्रमुखाला इथे नोखदा म्हणतात. आपला नाखवा तो हाच शब्द, दोन्ही फारसीतून आलेले. मोती विकले जायचे मुंबईला. जपानचे कृत्रिम मोती बाजारात आले तसा तो धंदा बसला, आणि म्हातारे सांगतात की ती वर्षं उपासमारीची होती.

1961 पर्यंत इथे चलन कुठलं होतं, सांग? रुपया. आपला रुपया. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, रंग वेगळा आणि नंबराआधी झेड. मग दिनार आला. पण अजून म्हातारी माणसं पैशाला बैझा म्हणतात, म्हणजे पैसा. पंख्याला बंका. चष्म्याला कशमा. आणि टॅक्सीवाल्याला सरळ जायला सांगायचं तर सीदा. पहिल्या महिन्यात मला अरबीचं अक्षर येत नव्हतं आणि फोरमन ओरडला, "सीदा, सीदा!" मी सीदा गेलो. मला वाटलं हा हिंदी शिकलाय.

आता तुझा राजा. सबाह घराणं अठराव्या शतकापासून आहे. अरबस्तानातून आलेल्या उतूब टोळ्यांनी आपल्यातल्या एका घराला कारभार दिला, व्यापारी पैसे पुरवत, तो बंदोबस्त बघे, असा जुना बेत. 1896 मध्ये मुबारकने दोन सावत्र भावांना ठार करून गादी घेतली. भाऊबंदकी म्हणजे फक्त आपल्याकडेच असते असं नाही. त्याला ‘थोर मुबारक’ म्हणतात, कारण तुर्कांच्या तावडीतून देश सोडवायला त्याने 1899 मध्ये इंग्रजांशी गुपचूप करार केला. इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाला जमीन द्यायची नाही, आणि त्याबद्दल त्याला मिळाले पंधरा हजार रुपये. तो करार 19 जून 1961 ला संपला, तोच स्वातंत्र्याचा दिवस. घटनेत लिहिलंय की अमीर या मुबारकच्याच वंशातला असेल.

हो, घटना आहे. 11 नोव्हेंबर 1962 ची. इथेच शेजाऱ्यांपेक्षा हा देश वेगळा पडतो. मजलिस अल-उम्मा म्हणजे इथली संसद, तिच्यात निवडून आलेले 50 सभासद. मंत्रीही त्यात बसतात, पण पंतप्रधान आणि मंत्री नेमायचे अमीरने. पक्षांना परवानगी नाही, गट असतात. पण ही मजलिस बोटचेपी नव्हती हं. मंत्र्याला उभं करून सगळ्यांदेखत जाब विचारायचा, त्याला इस्तिज्वाब म्हणतात, आणि त्या भीतीने कित्येक मंत्र्यांनी आधीच राजीनामे दिलेत. 2006 मध्ये तर आजारी अमीर शेख साद यांना मजलिसने मतदान करून गादीवरून उतरवलं आणि शेख सबाह आले. राजाला मतं टाकून उतरवणारी सभा, हे तू निबंधात नक्की घाल. बायकांना मताचा हक्क 2005 मध्ये मिळाला, 2009 मध्ये चार बायका निवडून आल्या.

आणि उलटंही घाल. 1976 आणि 1986 मध्ये अमीरने मजलिस बरखास्त करून वर्षानुवर्षं भरूच दिली नाही. आता तिसऱ्यांदा. 4 एप्रिल 2024 ला निवडणूक झाली, आणि 10 मेला सध्याचे अमीर शेख मिशाल यांनी टीव्हीवर येऊन मजलिस बरखास्त केली, घटनेतली काही कलमं जास्तीत जास्त चार वर्षांसाठी थांबवली. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं आजचं उत्तर असं, की राजा आहे, घटना आहे, मजलिसची देखणी इमारत आहे (सिडनीचं ऑपेरा हाउस ज्याने आखलं त्याच योर्न उत्झोनने आखलेली), आणि आत कोणी नाही. इथल्या माणसांना विचारशील तर निम्मे म्हणतील बरं झालं, ती मजलिस भांडण्यापलीकडे काही करत नव्हती. निम्मे काही बोलणार नाहीत. माझं मत विचारशील तर भांडणारी सभा मला आवडायची. सकाळी चहाला पेपरात काहीतरी असायचं.

खरं राजकारण मात्र दिवाणियात. प्रत्येक घराला लागून पुरुषांची बैठक असते, ठरलेल्या वारी उघडी. उमेदवार मतं मागायला तिथेच येतात. आमचे एक कुवेती साहेब दर ईदला मला बोलावतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशेजारी बसलो. एकजण सुरईतून वेलदोड्याची कॉफी ओतत होता. कप रिकामा केला की पुन्हा ओते. उरली तर अपमान होईल म्हणून मी संपवत गेलो. सात कप झाल्यावर साहेबांनी लांबूनच बोटांत कप धरून हलवून दाखवला. हलवला की पुरे, हे मला कोण सांगणार? रात्रभर झोप नाही. तो ओतणारा मिस्री होता, अठरा वर्षं त्याच दारात. त्यालाही मत नाही, पण कोण निवडून येणार ते अचूक सांगायचा.

इथे 49 लाख माणसं, त्यांतले कुवेती 15 लाखांच्या आसपास. आपण भारतीय दहा लाख. दवाखान्यात नर्स केरळची, टॅक्सीवाला बांगलादेशी, कारखान्यात आम्ही. 1990 च्या ऑगस्टमध्ये सद्दामने हा देश सात महिने गिळला तेव्हा तुझ्या आईचे मामा इथेच होते. बसने बगदाद, तिथून जॉर्डनच्या सीमेवर तंबूत नऊ दिवस, मग अम्मानहून विमान. एअर इंडियाने तेव्हा 488 फेऱ्या करून लाखाहून जास्त माणसं आणली. मामा अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले आणि 1992 मध्ये परत गेले. आजी म्हणाली, वेडा आहेस का? ते म्हणाले, माझा दोन महिन्यांचा पगार राहिलाय.

आता दुसरा प्रश्न. मला इथलं नागरिकत्व मिळणार नाही, मुसलमान नसलेल्याला कायदाच देत नाही, आणि मी मागितलंही नाही. पहिल्या कंपनीने माझा पासपोर्ट तीन वर्षं कपाटात ठेवला होता, दुसरीकडे जायला रिलीज देत नव्हते. त्या दिवसांत वाईट वाटायचं. तुम्हाला इथे आणायचं तर फॅमिली व्हिसाला पगाराची अट, ती मी कधी गाठली नाही. तू चालायला लागलीस ते मी कॅसेटवर पाहिलं. त्याचं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण देशाचं म्हणशील तर गेटवरच्या पहारेकऱ्याचं सांगतो. तो इथेच जन्मला, त्याचा बापही इथलाच. 1960 च्या सुमाराला नोंदणी चालू होती तेव्हा आजोबा उंटं घेऊन वाळवंटात होता, गेलाच नाही. त्यामुळे हे सगळे बिदून. बिदून म्हणजे ‘विना’, नागरिकत्वाविना. असे लाखभर लोक आहेत. त्याची बोली पक्की कुवेती, क्रिकेट नाही, फुटबॉलवेडा, 26 फेब्रुवारीच्या मुक्तिदिनाला गाडीला झेंडा लावणारा. गेल्या वर्षीपासून सरकारने हजारो लोकांचं दिलेलं नागरिकत्वही काढून घ्यायला सुरुवात केलीय, तेव्हापासून तो आपल्या अर्जाबद्दल बोलेनासा झालाय. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की मला जायला आपलं घर आहे, विहीर आहे. एकदा त्याने विचारलं, तुझ्या गावात पाणी कोण देतं? मी म्हटलं, पावसाचं, जमिनीतलं. तो म्हणाला, आणि बिल?

इकामा मार्चमध्ये संपतोय. नवीन करणार नाही, आईला अजून सांगितलेलं नाही, तू सांगू नकोस, मी गणपतीनंतर सांगेन. तुझ्याकडे एक काम. आपल्याकडच्या गेल्या निवडणुकीत मी सुट्टीवर होतो, शाळेत मतदानाला गेलो तर यादीत नाव नव्हतं. बाहेरगावी म्हणून कोणीतरी कापलं असणार. ऑनलाइन बघता येतं म्हणतात. माझं नाव, तुझ्या आजोबांचं नाव, आणि गाव घालून बघ. नसेल तर फॉर्म कुठला भरायचा ते विचारून ठेव. फोटो लागत असेल तर कपाटात पिवळ्या पाकिटात आहेत, त्यातला मिशीवाला देऊ नकोस.

तुझा,
बाबा