पाळी जाताना बायकांनी विचारायचं कुणाला?

संपादक महोदय,

गेल्या हिवाळ्यात खानापूरच्या थंडीत माझ्या थोरल्या जाऊबाई रात्री दोनदा उठून घामाने भिजलेला ब्लाउज बदलायच्या आणि दार उघडून उभ्या राहायच्या. पाळी जाऊन वर्ष झालं होतं. शेजारणींनी सांगितलं म्हणून शतावरी, मेथ्या, सोयाबीन सगळं केलं. सोयाबीनने काहींना थोडा उतार पडतो, पण यांची झोप काही परतली नाही. त्यावरच्या हार्मोनच्या औषधांचं नाव काढलं की घरात एकच शब्द, कॅन्सर.

ही भीती पसरली ती २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे कुणी सांगत नाही. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलेल्या हार्मोनचा बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदाच जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर किंवा पक्षाघात झालेल्यांनी मात्र ते टाळावेत. गर्भाशय असेल तर नुसतं इस्ट्रोजेन हे हार्मोन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं. आणि वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, तर काढे उकळत बसू नये, लगेच तपासून घ्यावं.

बेळगावच्या एका दवाखान्यात जाऊबाईंना दोन मिनिटांत, तेही कानडीत, ‘वयाचं आहे’ म्हणून परत पाठवलं. गरोदर बाईची चौकशी घरोघरी होते, पन्नाशीच्या बाईची कोण करणार? सीमाभागातल्या आरोग्य केंद्रांनी ही माहिती मराठी आणि कानडी दोन्हींत भिंतीवर लावावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक भगिनी, खानापूर